गल्ल्यातला पासपोर्ट

फ्लॉरेन्सच्या स्टेशनाजवळचं लहानसं हॉटेल. काउंटरवरच्या माणसाने हात पुढे केला आणि म्हणाला, "पासापोर्तो." मी दिला. म्हणजे द्यायला लागले, पण बोटं काही सुटेनात. त्याने ओढला, मी धरून ठेवला, मग दोघंही ओशाळं हसलो. ह्यांनी मात्र आपला झटक्यात काढून दिला, लग्नाची पत्रिका दिल्यासारखा.

माझा गळ्यातल्या पिशवीत होता. पिशवी आईने शिवलेली, जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची. मानेला काचते, पण फाटायचं नाव नाही. "आंघोळीलासुद्धा काढायची नाही," असं बजावून तिने ती माझ्या गळ्यात घातली होती. आता तिच्यात सिद्धेश्वराच्या विभूतीची पुडी तेवढी उरली. दोन्ही पासपोर्ट ड्रॉवरमध्ये गेले, ड्रॉवर बंद झाला. "संध्याकाळी देतो," माणूस म्हणाला.

आणि मला एकदम बाबांचं काउंटर आठवलं.

बाबा सोलापुरात स्टेशनजवळच्या एका लॉजवर मॅनेजर होते. शाळा सुटली की मी तिथेच बसून गृहपाठ करायची. समोर ते जाडजूड रजिस्टर. नाव, पूर्ण पत्ता, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण, सही. कारणाच्या रकान्यात बहुतेक 'देवदर्शन'. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, सगळ्यांनाच आमचं गाव सोयीचं. चादरी घ्यायला आलेले 'व्यापार' लिहायचे. क्वचित कुणी 'खाजगी' लिहिलं की बाबा चष्म्यावरून एकदा बघायचे आणि काही न बोलता किल्ली द्यायचे. रात्री कधी हवालदार यायचा, पानावरून बोट फिरवायचा, चहा पिऊन जायचा.

एकदा एक गोरा आला. पाठीवर त्याच्याएवढी पिशवी, पायात आपल्याकडच्याच चपला. बाबांनी त्याचा पासपोर्ट घेतला, रुमालात गुंडाळला आणि गल्ल्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवून कुलूप लावलं. परदेशी पाहुणा उतरला की तेव्हा चोवीस तासांत सी-फॉर्म भरून कळवावं लागायचं, तो फॉर्म बाबांना सावकाश, एकेक अक्षर जुळवत भरायचा होता. त्यांच्या लेखी गल्ल्याइतकी सुरक्षित जागा गावात दुसरी नव्हती. पण तो माणूस खोलीत जाईना. किल्ली हातात घेऊन उभा, नजर गल्ल्यावर. जिन्याच्या दोन पायऱ्या चढला, पुन्हा वळून बघितलं. मी फिदीफिदी हसले होते. बाबांनी दटावलं, पण त्यांनाही गंमत वाटली असणार.

त्या दिवशी फ्लॉरेन्समध्ये मीही जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरून वळून बघितलं.

त्या माणसाची काही चूक नव्हती. इटलीत हॉटेलवाल्याला पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते. कायदा १९३१ चा, कलम १०९. पूर्वी कागद जायचे, आता पोलिसांच्या पोर्टलवर भरतात. म्हणजे आमच्या सी-फॉर्मचाच मावसभाऊ. शिवाय ज्याच्यासाठी माझा जीव वरखाली होत होता तो पासपोर्ट मुळात माझा नाहीच. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात लिहिलंय, पासपोर्ट कायम केंद्र सरकारच्या मालकीचा. मी नुसती सांभाळणारी. सरकारी वस्तू हरवल्याचं भय तर आणखीच मोठं. हरवलाच तर रोमच्या वकिलातीत जा, इमर्जन्सी सर्टिफिकेट काढा, आणि त्यावर फक्त घरी परत या. दहा दिवसांच्या सहलीचे पैसे भरून दुसऱ्या दिवशी सोलापूर! समोर तो जगप्रसिद्ध घुमट होता, गाईड त्याच्या लाखो विटांचं सांगत होता, आणि माझा हात दर पाच मिनिटांनी गळ्यातल्या रिकाम्या पिशवीकडे जात होता. ह्यांनी आइस्क्रीम घेऊन दिलं. तेही धड लागलं नाही.

संध्याकाळी परतलो तर तो माणूस कॉम्प्युटरसमोर चष्मा नाकावर ओढून बसलेला, दोन बोटांनी टाइप करत. माझा पासपोर्ट उघडा, वर एक पेपरवेट. मला बघून त्याने हाक मारली, ती माझ्या नव्हे, बाबांच्या नावाने. पासपोर्टात माझ्या नावापुढेच त्यांचं नाव, आणि त्याने त्यातलं उच्चारायला सोपं ते उचललं असावं. परक्या गावात, काउंटरपलीकडून, बाबांचं नाव. मी "हो" म्हटलं. दुरुस्त करावंसं वाटेना.

रात्री सोलापूरला फोन लावला. बाबा आता ऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येतं, पण हा विषय निघाल्यावर सगळं ऐकू आलं.

"कुठं ठेवला होता त्यानं?"

"ड्रॉवरमध्ये."

"कुलूप होतं?"

"नव्हतं बहुतेक."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रुमालात तरी गुंडाळला होता का गं?"

"नाही बाबा. पण मिळाला ना परत."

"मिळाला ते झालं. पानं मोज."

मी पलंगावर बसून खरंच मोजली. छत्तीस भरली.