सीझनमध्ये नाकारलेल्या पाच सुट्ट्या

वणीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी सहा वर्षं फिटर होतो. कापूस यायला लागला की डबल रोलर जिन रात्रंदिवस चालतात. उन्हाळ्यात रोलर, बेअरिंग खोलून दुरुस्ती. मजुरांचं काम सीझनपुरतं, आमचं बारमाही. सीझनमध्ये सुट्टी मात्र मागायची नाही.

बाबांना लकवा झाला, सात एकर कोरडवाहू पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून राजीनामा दिला. ३ जून २०२३ शेवटचा दिवस. हिशेबाला गेलो तर क्लार्क म्हणाला, "राजीनामा देल्यावर सुट्ट्या बुडतात भाऊ. रिटायर झाला असता तर गोष्ट वेगळी होती." मी मुकाट्यानं घरी आलो. आमच्याकडे सगळे हेच धरून चालतात, मीही तेच धरलं होतं.

संध्याकाळी पांढरकवड्याचे मामा आले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, युनियनचं काम केलेलं. ऐकल्याबरोबर म्हणाले, "काऊन बुडतीन? कमावलेल्या सुट्ट्या हायेत त्या. कारखाना हाये ना? मंग फॅक्टरी ॲक्ट लागते."

मग रात्री त्यांनी १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ७९ समजावून सांगितलं. वर्षात २४० दिवस काम भरलं, की दर वीस दिवसांमागं एक दिवसाची भरपगारी रजा. शिल्लक रजा पुढच्या वर्षात नेता येते, पण तीस दिवसांपर्यंतच. नोकरी सोडली, काढलं किंवा माणूस वारला, तरी शिल्लक रजेचा पगार द्यावाच लागतो. स्वतःहून सोडणाऱ्याला तो नोकरी सोडल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत मिळायला हवा. चालू वर्षाचे २४० भरले नसले तरी त्या वर्षाची रजा वीसला एक याच हिशेबानं धरतात. (हे तेव्हाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात २४० ऐवजी १८० दिवस आहेत.)

मामांनी मग विचारलं, "कधी सुट्टी मागितली अन् देली नाही, असं झालं का? कागद हाये का त्याचा?"

कागद होता. डिसेंबर २०२२ मध्ये बहिणीच्या लग्नासाठी पाच दिवसांचा अर्ज केला होता, चांगला वीस दिवस आधी. मॅनेजरनं त्याच अर्जावर "सीझन चालू आहे, नंतर घ्यावी" असं लिहून सही केली होती. लग्न रविवारी होतं. अक्षता टाकल्या आणि रात्रीच परत कामावर. बहिणीची पाठवणीसुद्धा पाहता आली नाही. तो कागद मी रागानं ट्रंकेत ठेवून दिला होता. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे पंधरा दिवस आधी मागून नाकारलेली रजा तीसच्या मर्यादेत येत नव्हती, ती वेगळी जमा राहायची.

हिशेब असा झाला: मागची शिल्लक ३०, नाकारलेल्या ५, चालू वर्षी १२६ दिवस काम म्हणून ६. एकूण ४१.

सोमवारी पुन्हा गेलो. आता क्लार्क नऊ हजारांवर आला: मूळ पगार ९,०००, भागिले तीस, गुणिले तीस दिवस. पण दर काढायचा तो आदल्या महिन्याच्या कमाईवरून, महागाई भत्ता धरून. ओव्हरटाइम आणि बोनस तेवढा सोडून. मे महिन्यात मी २६ दिवस भरले, भत्त्यासह १३,००० मिळाले. म्हणजे रोजचे ५०० आणि ४१ दिवसांचे २०,५००.

अर्ज घ्यायला त्यानं नकार दिला. मग मामांनी सांगितल्याप्रमाणे सगळा हिशेब आणि नाकारलेल्या अर्जाची झेरॉक्स जोडून रजिस्टर एडीनं पाठवलं. खाली एक ओळ लिहिली: कलम ८२ प्रमाणे ही रक्कम थकीत वेतन म्हणून वसूल होऊ शकते. मूळ कागद कोणालाही द्यायचा नाही, हे मामांनी दोनदा बजावलं.

एडीची पोच परत आली. त्यानंतर चार दिवसांनी मॅनेजर साहेबांचा फोन आला, "एवढं कायदेशीर कायले लिहिलं? सांगितलं असतं ना." मी म्हटलं, "साहेब, सांगायलाच दोनदा आलो होतो." आवाज मी चढवला नाही. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली होती.

२१ जूनला खात्यात २०,५०० जमा झाले. त्या वर्षी पाऊस लांबला होता, त्यामुळे पैसे उशिरा येऊनही पेरणी चुकली नाही. ८५३ रुपयांच्या भावानं कपाशीची सात पाकिटं घेतली, तूर घेतली, बाकीचे बाबांच्या औषधाला ठेवले. बहिणीला फोन करून सांगितलं, तुझ्या लग्नाच्या पाच सुट्ट्यांचे अडीच हजार आले. ती बराच वेळ बोललीच नाही.