रोब्लचा धंदा कोणता?

थाडेउस रोब्ल या जुन्या जर्मन सायकलस्वाराच्या नोंदीत ‘मुख्य व्यवसाय’ या रकान्यात कुणीतरी ‘वैमानिक’ भरून ठेवलं होतं. त्यावरून आमच्या ऑफिसात वाजलं आणि ते अजून मिटलेलं नाही.

मी जर्मनीतल्या एका छायाचित्रसंग्रहात काचेच्या निगेटिव्हची नोंदणी करते. लोकांना वाटतं, फोटो बघायचे आणि नावं लिहायची. निम्मा वेळ काच सांभाळण्यातच जातो. हातमोजे घालून कडेने धरायची, मग उजेडात तिरकी करून जिलेटिनची, म्हणजे चित्राचा थर असलेली बाजू शोधायची. चकचकते ती नुसती काच, मंद दिसते ते जिलेटिन. उलटी स्कॅन झाली की डावं-उजवं बदलतं. सायकलच्या फोटोत ही चूक लपत नाही, कारण चेन उजव्या बाजूला असते. तरी डावीकडे चेन असलेले स्वार चांगल्या जाड आर्टपेपरवर छापलेले मी पाहिलेत. छापणाऱ्याने आयुष्यात सायकल चालवली नसावी.

रोब्लच्या काचेवर पुढे धूड मोटारसायकल, तिच्यावर पाठ ताठ करून बसलेला चालक, आणि त्याच्या मागे जवळजवळ चिकटून वाकलेला रोब्ल. मोटारसायकलमागची ही शर्यत तेव्हा जर्मनीत तुफान चालायची. पुढचा चालक वारा अडवतो, सायकलवाला त्या आडोशाला राहून पायडल मारतो आणि एरवी पायांना झेपणार नाही असा वेग गाठतो. आडोसा सुटला की वारा छातीवर आदळतो, शर्यत गेलीच. टायर फुटलं तर माणूसही जायचा. १८ जुलै १९०९ रोजी बर्लिनच्या बोटॅनिकल गार्डन ट्रॅकवर अशीच एक मोटारसायकल प्रेक्षकांत घुसून पेटली. नऊ माणसं गेली.

या असल्या खेळात रोब्ल १९०१ आणि १९०२ साली लागोपाठ जगज्जेता झाला. पुढे विमानाकडे वळला आणि १८ जून १९१० रोजी श्टेटीनला विमान कोसळून गेला. ज्याने रकाना भरला, त्याने मृत्यूची बातमी वाचली आणि हात झटकले. फोटो मागणारेही तसलेच. त्यांना अपघात हवा असतो, ट्रॅकवरचा रोब्ल फुकट दिला तरी नको.

आमचे वरिष्ठ म्हणाले, “ज्या कामात मेला ते त्याचं काम.” मी विचारलं, “मग मास्तर दवाखान्यात वारले तर ‘रुग्ण’ लिहायचं का?” ते हसले, पण रकाना तसाच राहिला. आणि गंमत म्हणजे मृत्यूच्या ठिकाणाला आमची यादी ‘श्चेचिन, पोलंड’ देते, श्टेटीनचं हे आजचं नाव. १९१० साली ते प्रशियात, म्हणजे जर्मनीत होतं, पण ते कुणालाच खुपत नाही.

त्यांचं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही. विमानात त्याला कुणी ढकललं नव्हतं. ट्रॅकवर नाव झालेलं असताना तो स्वतःहून गेला. त्याच्या लेखी हा धंदा बदलणं होतं, की मोटारसायकलच्या मागून उठून तिच्या जागी बसणं?

रकाना एकच आहे. मी ‘सायकलपटू’ लिहिलं, वैमानिक खाली टिपेत घातलं. तपासणीतून ‘आधार जोडा’ असा शेरा मारून नोंद परत आली. दोन्ही जगज्जेतेपदं जोडून ती पुन्हा पाठवली आहे.