रात्रीचा बॅकअप दोनदा रन होतोय: क्रॉन, टायमर आणि क्लोनचा माग

मशीन: डेबियन १२, होमलॅबमधला छोटा सर्व्हर. काम: पोस्टग्रेस डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढायचा, मग आरस्नॅपशॉट या बॅकअप टूलने नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) रोजचा स्नॅपशॉट टाकायचा. सात दैनिक, चार साप्ताहिक प्रती ठेवायच्या. ठरल्या वेळी काम सुरू करणारे दोघे असू शकतात: जुना क्रॉन, किंवा सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा टायमर. (कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर रोमनमध्येच टाइप करायच्या.)

लक्षण: 'डेली.६' हा फोल्डर सहा दिवसांपूर्वीचा असायला हवा, पण त्यावर तीन दिवसांपूर्वीची तारीख आहे.

दोनदा रन होणाऱ्या बॅकअपचा खरा तोटा इथे दिसतो. जुन्या फाइल्स हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव, नवी प्रत नव्हे) असल्यामुळे दुसऱ्या रनने डिस्क जवळपास भरतच नाही, आणि डिस्कचा वापर दाखवणारी 'डीयू' बघून काही कळत नाही. पण आरस्नॅपशॉट प्रत्येक रनला डेली.० चा डेली.१ करतो, डेली.१ चा डेली.२, आणि टोकाचा फोल्डर उडवतो. दिवसातून दोनदा हे झालं की सात प्रतींमध्ये साडेतीन दिवसच मावतात. मंगळवारी बिघडलेली फाइल शनिवारी लक्षात आली, तर दैनिक प्रतींमधून परत आणायला काही उरत नाही. रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअप टूल्स वापरणाऱ्यांनी आपला प्रती ठेवण्याचा नियम तपासावा. 'कीप-डेली ७' असेल तर दिवसाचा शेवटचा स्नॅपशॉट ठेवला जातो, म्हणून दुहेरी रन पचून जातो. 'कीप-लास्ट ७' असेल तर इतिहास तसाच अर्धा होतो.

पहिली तपासणी 'एलएस -एलडी --टाइम-स्टाइल=फुल-आयएसओ डेली.*'. आरस्नॅपशॉट रन संपताना डेली.० ला टच करतो, त्यामुळे फोल्डरांच्या वेळा विश्वासार्ह असतात. इथे प्रत्येक तारखेला दोन वेळा दिसल्या, एक २ वाजल्यानंतरची आणि एक २:४० नंतरची. म्हणजे दोनदा रन होतोय हे नक्की.

हे आधी नक्की करायचं कारण म्हणजे खोट्या दुहेरीचे प्रकार बरेच आहेत. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या 'पीएस' मध्ये एकाच क्रॉन जॉबच्या तीन ओळी दिसतात: मोठ्या अक्षरांतला क्रॉन (मूळ डेमनने फोर्क केलेला), त्याखाली 'एसएच -सी' आणि त्याखाली खुद्द स्क्रिप्ट. 'पीग्रेप -एफ बॅकअप' यातल्या दोन तरी पकडतो आणि लोक घाबरतात. फाइल्स कॉपी करणाऱ्या आरसिंकचंही तसंच आहे. लोकल कॉपी चालू असताना त्याच्या तीन प्रोसेस असतात: सेंडर, जनरेटर आणि रिसीव्हर. 'पीएस -ईएफ --फॉरेस्ट' लावलं की झाड दिसतं आणि प्रश्न मिटतो. तिसरा प्रकार लॉगचा. स्क्रिप्टच्या आत 'टी -ए' ने लॉग फाइलमध्ये लिहायचं आणि क्रॉनच्या ओळीतही तीच फाइल '>>' ने जोडायची. मग प्रत्येक ओळ दोनदा उमटते, पण रन एकच असतो. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही ओळींचा टाइमस्टॅम्प आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तंतोतंत सारखे असतील तर दोष लॉगिंगचा.

यानंतर सगळ्यांचा हात आपोआप 'एफलॉक' या लॉक लावणाऱ्या कमांडकडे जातो, आणि ते आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी असं होतं. लॉक फक्त एकाच वेळी चालणाऱ्या दोन रनना अडवतो. इथे पहिला रन दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो, दुसरा चाळीस मिनिटांनी सुरू होतो. लॉक केव्हाच मोकळा झालेला असतो, आणि दुसरा रन निवांत आत शिरतो. आरस्नॅपशॉटची स्वतःची लॉकफाइल आहे, ती इथे याच कारणाने कुचकामी ठरली.

लॉकच्या आधी स्क्रिप्टला कोण बोलावतंय ते तिच्याकडूनच वदवून घ्यावं. स्क्रिप्टच्या अगदी वरती एक ओळ टाकली, जी एका वेगळ्या लॉगमध्ये पाच गोष्टी लिहिते: टाइमझोनसकट वेळ ('डेट +%एफटी%टी%झेड', इथला झेड लहान लिपीतला), होस्टनेम, स्वतःचा पीआयडी, पालक प्रोसेसची कमांडलाइन ('/प्रॉक' खाली पीपीआयडीच्या, म्हणजे पालकाच्या पीआयडीच्या, फोल्डरात 'सीएमडीलाइन' असते, त्यात शब्दांमध्ये नल असतात म्हणून 'टीआर' ने त्यांच्या जागी स्पेस घालायची) आणि '/प्रॉक/सेल्फ/सीग्रुप' (प्रोसेस कोणत्या सर्व्हिसच्या गटात आहे ते). निकाल देते ती शेवटची. डेबियनवर क्रॉनमधून आलेला जॉब 'सिस्टम.स्लाइस/क्रॉन.सर्व्हिस' दाखवतो, टायमरमधून आलेला आपल्या सर्व्हिसचं नाव सांगतो, ॲनाक्रॉनचा (मशीन बंद असताना हुकलेले जॉब नंतर चालवणाऱ्याचा) असेल तर 'ॲनाक्रॉन.सर्व्हिस' दिसतं. रेड हॅटच्या घराण्यात क्रॉनचा जॉब बहुधा 'सेशन-अमुक.स्कोप' खाली दिसतो, कारण तिथे पॅममधून (लॉगिन हाताळणाऱ्या व्यवस्थेतून) सिस्टमडीचं सेशन उघडलं जातं. ही ओळ स्क्रिप्टमध्येच ठेवावी. क्रॉनटॅबमध्ये टाकली तर '%' चा अर्थ नवी ओळ होतो, आणि बॅकस्लॅश विसरला की जॉब अर्धवट तुटतो.

एका रात्रीनंतरचा लॉग: दोन ओळी, होस्टनेम एकच, सीग्रुपही एकच, 'बॅकअप.सर्व्हिस'. म्हणजे दोन्ही वेळा बोलावणारा टायमरच.

हे अनपेक्षित होतं, कारण 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स --ऑल' मध्ये बॅकअपची ओळ एकच. यातच मेख आहे. ती यादी प्रत्येक टायमरची फक्त पुढची वेळ दाखवते. एका टायमरला दोन वेळा लावलेल्या असल्या तरी ओळ एकच असते. खरं चित्र 'सिस्टमसीटीएल कॅट बॅकअप.टायमर' ने दिसलं. वर मूळ फाइल, 'ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:००:००'. खाली ओव्हरराइड (मूळ फाइल न बदलता वर घातलेली भर), 'ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:४०:००'. वेळ पुढे ढकलण्यासाठी 'सिस्टमसीटीएल एडिट' ने ही ओळ घातलेली होती.

सिस्टमडीत 'ऑनकॅलेंडर' ही यादी आहे. नवी ओळ जुनीची जागा घेत नाही, तिच्यात भर घालते. जुनी पुसायची असेल तर ओव्हरराइडमध्ये टायमर विभागाखाली आधी रिकामी 'ऑनकॅलेंडर=' अशी ओळ हवी, मग नवी वेळ. सर्व्हिसची कमांड सांगणाऱ्या 'एक्झेकस्टार्ट' ला हाच नियम आहे, पण तिथे चूक लपत नाही. साध्या सर्व्हिसमध्ये दोन एक्झेकस्टार्ट दिसले की सिस्टमडी युनिट लोडच करत नाही. मात्र 'टाइप=वनशॉट' (एकदा चालून संपणारी सर्व्हिस) मध्ये एकाहून जास्त एक्झेकस्टार्ट चालतात, आणि बॅकअपची सर्व्हिस जवळपास नेहमी वनशॉटच असते. म्हणजे तिथेही कमांड एकामागोमाग दोनदा रन होऊ शकते. वेळा सारख्या न दिसता पाठोपाठ दिसल्या तर आधी हे बघावं.

दुरुस्तीनंतर 'सिस्टमसीटीएल शो -पी टायमर्सकॅलेंडर बॅकअप.टायमर'. एकच नोंद दिसायला हवी. वेळेच्या लिखाणाबद्दल शंका असेल तर 'सिस्टमडी-ॲनलाइझ कॅलेंडर' पुढची वेळ काढून दाखवतो. मग टायमर रीस्टार्ट करायचा. इथे एक गंमत आहे. 'पर्सिस्टंट=ट्रू' असेल तर शेवटच्या रनची वेळ '/व्हार/लिब/सिस्टमडी/टायमर्स' मधल्या स्टॅम्प फाइलवर नोंदलेली असते. सकाळी १० वाजता बसून वेळ २:४० ची ५:०० केली, तर त्या स्टॅम्पनंतर ५:०० 'हुकली' असं सिस्टमडी मानतो आणि रीस्टार्ट होताक्षणी बॅकअप सुरू करतो. तो नवा दोष नाही. नको असेल तर स्टॅम्प फाइलला आधी टच करावं.

टायमर उघडलाच होता तर 'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड बॅकअप.सर्व्हिस' हेही बघून घेतलं. उत्तर 'स्टॅटिक' यायला हवं. सर्व्हिस फाइलमध्ये 'इन्स्टॉल' विभाग असेल आणि कुणी उत्साहात टायमरसोबत सर्व्हिसही एनेबल केली असेल, तर प्रत्येक बूटला एक फुकटचा बॅकअप मिळतो. वीज वारंवार जाणाऱ्या घरात हे हमखास 'कधीकधी दोनदा' म्हणून समोर येतं.

सीग्रुपमध्ये एकदा क्रॉन आणि एकदा टायमर आला असता, तर शोध क्रॉनकडे गेला असता. तिथल्या जागा ठरलेल्या: '/ईटीसी/क्रॉनटॅब', 'क्रॉन.डी', 'क्रॉन.डेली' आणि भावंडं, 'ॲनाक्रॉनटॅब', शिवाय प्रत्येक युजरचा क्रॉनटॅब (डेबियनवर '/व्हार/स्पूल/क्रॉन/क्रॉनटॅब्स', रेड हॅटकडे नुसतं '/व्हार/स्पूल/क्रॉन'). रूट म्हणून 'ग्रेप -आरएन' एकदा सगळ्यांवर फिरवावं. स्क्रिप्टच्या नावाने शोधून भागत नाही, 'आरसिंक', 'पीजी_डंप' आणि 'आरस्नॅपशॉट' हे शब्दही शोधावेत, कारण पॅकेजने स्वतःची फाइल टाकलेली असू शकते. ऑटोमायएसक्यूएलबॅकअप डेबियनवर 'क्रॉन.डेली' मध्ये आपली फाइल ठेवतो. ते माहीत नसताना वर स्वतःची क्रॉनची ओळ घातली की झाले दोन डंप. सिस्टमडीचे युजर टायमर वेगळे, ते '--युजर' लावल्याशिवाय दिसत नाहीत.

फाइलच्या नावांचा घोळ मात्र नीट समजून घ्यावा. डेबियनचा क्रॉन 'क्रॉन.डी' मधल्या फक्त अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि हायफन असलेल्या नावांच्या फाइल्स वाचतो. म्हणून 'बॅकअप.बॅक' अशी जुनी प्रत तिथे निपचित पडून राहते, पण 'बॅकअप-जुना' ही जिवंत असते. रेड हॅटच्या घराण्यातल्या अल्मा, रॉकी यांच्यावर क्रोनी हा क्रॉनचा वेगळा अवतार चालतो. तो टिंबाने किंवा '#' ने सुरू होणारी, '~' ने संपणारी आणि आरपीएमने (तिथल्या पॅकेज व्यवस्थेने) मागे सोडलेली नावं तेवढी वगळतो, बाकी सगळं वाचतो. तिथे 'बॅकअप.बॅक' दर रात्री इमानाने रन होते. डेबियनवर नावाच्या शेवटी '.बॅक' जोडून फाइल बंद करायची सवय घेऊन रॉकीवर गेलं की हा फटका बसतोच. जुनी प्रत 'क्रॉन.डी' मध्ये ठेवूच नये.

आपोआप वाढणाऱ्या ओळी हे आणखी एक मूळ. 'क्रॉनटॅब -एल' च्या आउटपुटला 'एको' ने एक ओळ जोडून पुन्हा 'क्रॉनटॅब -' ला पाइप करणारी सेटअप स्क्रिप्ट जितक्या वेळा चालवाल तितक्या ओळी. सर्व्हरचा सेटअप आपोआप करणाऱ्या ॲन्सिबलचा क्रॉन मॉड्यूल हे टाळतो, पण तो ओळ ओळखतो ती 'नेम' वरून. प्लेबुकमध्ये ते नाव सुंदर करायला गेलात की जुनी ओळ जागेवर राहते आणि नवी तिच्या शेजारी बसते. वेळापत्रकाच्या लिखाणातला एक जुना चकवाही इथेच सांगायला हवा. '० २ १-७ * ०' म्हणजे महिन्याचा पहिला रविवार नव्हे. तारीख आणि वार दोन्ही दिले की क्रॉन 'किंवा' धरतो, म्हणजे १ ते ७ रोज आणि वर प्रत्येक रविवारी.

होस्टनेम वेगळं आलं तर प्रकरण क्लोनचं. प्रॉक्समॉक्सवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) क्लोन करून काहीतरी ट्राय करायचं आणि ती चालूच ठेवायची, हे सगळेच करतात. क्लोनसोबत टायमर आणि एसएसएच की दोन्ही जातात, त्यामुळे नॅस त्यालाही दार उघडतो. होस्टनेमही बदललं नसेल तर सर्व्हरवरचा लॉग काहीच सांगणार नाही. मग नॅसच्या एसएसएचडी लॉगमध्ये कनेक्शन कोणत्या आयपीवरून आलं ते बघावं. टायमरला थोडा उशीर लावणाऱ्या 'रँडमाइज्डडिलेसेक' सोबत 'फिक्स्डरँडमडिले' वापरत असाल तर उशीर मशीन-आयडीवरून निघतो, आणि मशीन-आयडी न बदललेला क्लोन नेमका त्याच सेकंदाला धडकतो. क्लोन पहिल्यांदा नेटवर्कविना बूट करावा, बॅकअपचा टायमर मास्क (पूर्ण बंद) करावा, '/ईटीसी/मशीन-आयडी' रिकामी करावी, एसएसएच की बदलाव्यात.

घड्याळ बदलण्याचा त्रास भारतीय वेळेत नाही. पण व्हीपीएस युरोपात असेल आणि टाइमझोन बर्लिन ठेवला असेल, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री २ ते ३ हा तास दोनदा येतो. डेबियनचा क्रॉन ठरावीक वेळेचे जॉब पुन्हा चालवायचं टाळतो, पण तास किंवा मिनिटात '*' असलेल्या ओळी त्या तासात पुन्हा चालतात. सर्व्हर यूटीसीवर ठेवला की विषय संपला.

आता लॉक. कारण सापडल्यावर तो लावायलाच हवा, कारण हाताने चालवलेला रन आणि टायमरचा रन एकमेकांवर आदळू शकतात. सरळ उपाय म्हणजे स्क्रिप्ट थेट कधीच चालवायची नाही, हातानेही 'सिस्टमसीटीएल स्टार्ट बॅकअप.सर्व्हिस' च करायचं. वनशॉट सर्व्हिस चालू असताना पुन्हा स्टार्ट दिलं तर दुसरी प्रत सुरू होत नाही. फक्त 'रिमेनआफ्टरएक्झिट=येस' ठेवू नये, नाहीतर सर्व्हिस कायम ॲक्टिव्ह राहते आणि टायमर तिला पुढे कधीच चालवत नाही. क्रॉनवरच राहायचं असेल तर 'एफलॉक -एन' आणि '/रन/लॉक' मधली फाइल. लॉक मिळाला नाही तर तो १ हा कोड देतो. '-ई' ने तो बदलून वेगळा ठेवावा, म्हणजे 'आधीच चालू होता' आणि 'खरंच फेल झाला' यांत गल्लत होणार नाही.

डंपची पद्धतही याच फेरीत बदलली. आधी थेट तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये जीझिप होत होतं. दोन रन एकत्र आले असते तर दोघांनी एकाच फाइलमध्ये आपापल्या ऑफसेटने लिहून तिचा चुराडा केला असता, आणि 'जीझिप -टी' चालवेपर्यंत ते कळलंही नसतं. वेगवेगळ्या वेळी आले तरी दुसरा रन डिस्क भरल्यामुळे अर्ध्यात मेला, तर पहिल्याचा चांगला डंप गेला. आता 'पीजी_डंप -एफसी' तात्पुरत्या नावाने लिहितो, 'पीजी_रिस्टोअर --लिस्ट' त्यावरून फिरतो, आणि तो यशस्वी झाला तरच 'एमव्ही' ने खरं नाव मिळतं. तात्पुरती फाइल त्याच फाइलसिस्टमवर हवी, नाहीतर 'एमव्ही' म्हणजे नुसती कॉपी.

सध्याची स्थिती: रात्री २:४० ला एक रन, कोण बोलावतंय ते नोंदणाऱ्या लॉगमध्ये एक ओळ. जुने दुहेरी फोल्डर हाताने उडवलेले नाहीत. रोज एक याप्रमाणे ते आपोआप बाहेर पडतील. साप्ताहिक प्रतींना वेळ लागेल, कारण आरस्नॅपशॉट डेली.६ उचलून वीकली.० करतो आणि जुन्या वीकली प्रती त्या तीन दिवसांच्या डेली.६ मधूनच बनलेल्या आहेत. चार आठवडे उलटेपर्यंत नॅसवरच्या त्या चार फोल्डरांच्या तारखा महिनाभराचा इतिहास नीट दाखवणार नाहीत, म्हणून तोवर आठवड्यातून एक डंप वेगळ्या डिस्कवर हाताने ठेवला जातोय.