कणकुंबीचा पाऊस कुठल्या समुद्राला?

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाड्या कणकुंबीत थांबतात त्या चहासाठी, फार तर माउली देवीच्या दर्शनासाठी. मी मात्र खास कणकुंबीसाठीच निघाले होते, आणि तेही भर जुलैत. इथल्या डोंगराच्या पूर्वेला पडलेलं पाणी मलप्रभेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातं. पश्चिमेचं पाणी कळसा नाल्यातून म्हादईला मिळतं आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात शिरतं. ढग एकच, समुद्र दोन. गाडी मामेभावाची होती. तो गोव्यात समुद्राच्या अभ्यासात आहे, सुट्टी संपवून परत निघाला होता.

जांबोटी सोडली आणि वायपरला उसंत मिळेना. दोन्ही बाजूंना रोपलावणी चाललेली, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी घेतलेल्या बाया ओणव्या होऊन चिखलात. मध्येच धुकं असं उतरायचं की पुढची गाडी फक्त दिव्यांवरून कळायची. याच जिल्ह्यात पूर्वेकडे सौंदत्ती-अथणीला या दिवसांत लोक आभाळाकडे बघत बसतात, हे इथे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

कणकुंबीत टपरीवर शिरलो. मावशींनी मिरची भजी तळायला घेतली आणि मीठ घालायला बरणी उघडली, तर आतल्या मिठाला पाणी सुटलेलं. वर चमचाभर खारट पाणी, खाली घट्ट गोळा.

"पावसाळ्यात मीठ कुठं टिकतंय वो इथं," मावशी म्हणाल्या.

"समुद्रातबी तीच गत आहे मावशी," भाऊ म्हणाला आणि सुरूच झाला. त्याला थांबवायचा प्रश्न नव्हता, मी त्याचसाठी आले होते.

खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे त्याची क्षारता 35. विषुववृत्ताच्या आसपास पावसाचा जो पट्टा आहे, तिथे पाऊस कोसळतो तसा वरचा थर गोडसर होतो. किती, ते खोलीवर ठरतं. 20 मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 20 लिटर गोडं पाणी. ते वरच्या एका मीटरातच राहिलं तर क्षारता 35 वरून 34.3 वर येते. तेच दहा मीटरांपर्यंत ढवळलं गेलं तर घट जेमतेम 0.07. आता गोडं पाणी हलकं, म्हणून ते सहसा खाली जात नाही. मिसळीच्या रश्श्यावर तर्री असते ना, तसं ते वर बसून राहतं, आणि चमचा फिरवायचं काम वाऱ्याचं. वारा जोराचा असला तर हा थर लवकर मोडतो, पडलेला असला तर कित्येक तास टिकतो.

"पण पावसाचं पाणी गार असतं. गार पाणी जड ना?" मी विचारलं.

"बरोबर आहे अक्का, पण तिकडच्या कोमट समुद्रात क्षारता एकाने उतरली की पाणी जेवढं हलकं होतं, तेवढं जड व्हायला ते दोन अंशांहून जास्त गार व्हावं लागतं. मीठ जिंकतं."

भजी गरम होती, त्यामुळे उपग्रहांचा भाग मी तोंड भाजत ऐकला. 2009 सालचा स्मॉस, 2011 ते 2015 चा ॲक्वेरियस आणि 2015 पासूनचा स्मॅप हे समुद्राची क्षारता वरून मोजणारे उपग्रह. त्यांना दिसतो तो फक्त वरचा सेंटिमीटरभर थर. पाण्यात सोडलेले अर्गो तरंगक दोन हजार मीटरांपर्यंत मोजत असले, तरी वर येताना बहुतेक जण पाचेक मीटरांवरच मोजणं थांबवतात. पाऊस पडून गेल्यावर या दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि दोघेही खरं सांगत असतात! मधल्या पाच मीटरांत काय घडतं ते बघायला 2016-17 मध्ये पूर्व प्रशांत महासागरातल्या पावसाच्या पट्ट्यात स्पर्स-2 नावाची मोहीम झाली. जहाजाने घुसळलेल्या पाण्यापासून लांब एक नळी तरंगत ठेवून अगदी पृष्ठभागाचं पाणी ओढून घ्यायचे. मला ती नळी फार आवडली. कोट्यवधींच्या उपग्रहाला जाब विचारणारी नळी!

आपल्या दोन समुद्रांची गोष्ट याच हिशेबाची आहे. अरबी समुद्रावर पडतं त्याहून जास्त पाणी वाफ होऊन जातं, म्हणून त्याच्या बऱ्याच भागात क्षारता 36 च्या वर. बंगालच्या उपसागरात पाऊस भरपूर, शिवाय गंगा-ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी ओतत असतात. पावसाळ्यानंतर त्याच्या उत्तर भागात वरच्या पाण्याची क्षारता 30 च्याही खाली जाते. या हलक्या झाकणामुळे खालचं गार पाणी सहजी वर येत नाही. एरवी चक्रीवादळ समुद्र घुसळून गार पाणी वर आणतं आणि स्वतःचंच बळ कमी करतं. झाकण जाड असलं की ती घुसळण कमी पडते आणि वादळाला ऊब मिळत राहते.

आणि हिवाळ्यात हे उपसागराचं गोडसर पाणी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला उतरतं, श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येतं आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याने वर सरकतं.

"म्हणजे मलप्रभा फिरून गोव्याकडे येते?"

"मलप्रभेचं नाव नको घेऊ. नविलुतीर्थ, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर, एवढी धरणं ओलांडून उरलं तर. येतं ते गंगा-ब्रह्मपुत्रेचं आणि पावसाचं."

माउलीच्या देवळाकडे जाताना विषय कळसा नाल्यावर आलाच, इथे तो टळत नाही. ते पाणी वळवून मलप्रभेत सोडायचं, हुबळी-धारवाडला प्यायला द्यायचं, हा कर्नाटक-गोव्यातला वाद म्हादई पाणीवाटप लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये निवाडा देऊनही मिटलेला नाही. भर पावसात मांडवी पणजीपर्यंत जवळजवळ गोडी असते, पण एप्रिल-मे मध्ये भरतीबरोबर खारं पाणी नदीत खूप आतवर चढतं. वरून येणारं पाणी घटलं की ते आणखी आत सरकणार, आणि खाजन, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीवाल्यांना याची धास्ती आहे. मला त्यांचं पटतं. धारवाडच्या आत्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येतं ते ठाऊक असल्यामुळे दुसरी बाजूही पटते.

भाऊ घाटाकडे गेला. मी बसची वाट बघत पुन्हा टपरीवर. मावशींना विचारलं, तुम्हाला काय वाटतं कळशाचं?

"एप्रिलात आमच्या विहिरीचा तळ दिसतोय," त्या म्हणाल्या. "आधी इथलं बघा म्हणावं. बस आली बघ, पळ."