तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याच्या टेबलावर

जळगावात हिवाळ्यातल्या एका रविवारी पहाटे रस्ते बंद होतात आणि शहर पळायला निघतं. त्या दिवशी मी एकवीस किलोमीटरवाले जिथून माघारी वळतात त्या वळणावर पाण्याच्या टेबलामागे असते. ओळखीच्या सगळ्यांना हे आता ठाऊक झालंय, त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी विचारतंच. बँकेतल्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतल्या वहिनी विचारतात, परवा माझ्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं. "तुम्ही पळत नाही, बक्षीस नाही, फोटोत नाही. मग एवढ्या थंडीत दर वर्षी तिथे कशाला उभ्या राहता?" आणि जरा थांबून, खरा मनातला प्रश्न येतो: "या मॅरेथॉनचा शहराला उपयोग तरी काय?"

दोन्हींचं उत्तर द्यायचं तर मला माहेरी जावं लागतं.

माझं माहेर धुळे तालुक्यातलं, आर्वीच्या बाजूचं, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. चैत्रात या रस्त्यावर सप्तशृंगीच्या गडाला पायी जाणाऱ्यांची रांग लागते. खान्देशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवता. शिरपूरकडून, शिंदखेड्याकडून, अमळनेर-चोपड्याकडून माणसं येतात. खांद्यावर भगवं निशाण, डोक्याला उपरणं, पायात साध्या चपला, नाहीतर काहीच नाही. धुळ्यापासूनच शंभर किलोमीटरच्या वर वाट. मालेगाव, देवळा, कळवण करत नांदुरी गाठायची आणि मग गड चढायचा.

आमच्या ओट्यापुढे कडुलिंब होता. त्याच्या सावलीत आजी गुढीपाडव्याला तीन रांजण अर्धे जमिनीत पुरायची, भोवती ओलं गोणपाट गुंडाळायची, आणि चैत्री पौर्णिमेपर्यंत तिची पाणपोई चालायची. धुळ्याचं एप्रिलमधलं ऊन म्हणजे चाळीसच्या वरचं. म्हणून लोक रात्री नि पहाटे चालत आणि दुपारी झाडाखाली पडत. आमची खरी धांदल पहाटे तीनपासून. मी सात-आठ वर्षांची असेन. तांब्यानं ओंजळीत पाणी ओतायचं, हे माझं काम. त्याची रीत आजीनं शिकवली होती. धार बारीक ठेवायची. हाताकडे न बघता गळ्याकडे बघायचं, गळा थांबला की धार थांबवायची. आलेल्या माणसाला नाव, गाव, जात काही विचारायचं नाही. "बठ माय, पानी पी ले," एवढंच म्हणायचं. फार दमलेल्याला आधी गुळाचा खडा, मग पाणी. ताक असलं तर त्यात मीठ हाताला येईल त्याहून चिमूटभर जास्त. मीठ का, ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

आजी स्वतः कधी पायी गडावर गेली नाही. तिचे गुडघे तरुणपणीच गेले होते. पण पौर्णिमा झाली की म्हणायची, "जत्रा आपल्या दारातूनच गेली."

मॅरेथॉनचा इतिहास मी वाचायला घेतला तो पुष्कळ उशिरा, आणि वाचताना माझी नजर सारखी पाण्याकडेच जायची. सगळे फिडिपिडीसपासून सुरुवात करतात: इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची बातमी घेऊन तो अथेन्सपर्यंत धावला, निरोप सांगितला आणि कोसळला. ही आख्यायिका लढाईनंतर काही शतकांनी लिहिली गेली. मला त्याच्यापेक्षा स्पिरिडॉन लुई जवळचा वाटतो. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक झालं, तेव्हा मॅरेथॉन गावापासून शहरातल्या मैदानापर्यंत सुमारे चाळीस किलोमीटरची शर्यत ठेवली होती. ती या लुईनं २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत जिंकली. अथेन्सजवळच्या मारुसी गावचा हा तरुण पाणी वाहणारा होता. गावचं पाणी शहरात नेऊन विकायचं, हा घरचा धंदा. जगातली पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन एका पाणक्यानं जिंकली, हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

आणि आठच वर्षांनी, १९०४ मध्ये, अमेरिकेत सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये काय झालं बघा. ऑगस्टचं ऊन, धुळीचे रस्ते, शर्यत सुरू केली भर दुपारी. वाटेत पाणी मिळण्याच्या जागा एक-दोन. मुद्दाम. पाण्यावाचून माणसाचं शरीर कसं चालतं ते आयोजकांना बघायचं होतं. ३२ जण सुटले, १४ जण पोचले. जो पहिला आला त्यालाही वाटेत पाणी न देता अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्निन नावाचं विष थोडं थोडं पाजत आणलं होतं. शेवटी त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. पुढेही कितीतरी वर्षं पळताना पाणी पिणं हा कच्चेपणाच मानत. माझ्या आजीच्या पाणपोईत असा विचार कुणी बोलून दाखवला असता, तर तिनं त्याला आधी बसवून पाणी पाजलं असतं.

१९०८ ला लंडनमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजघराण्याच्या आसनापर्यंत अंतर आखलं, ते भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच जगभर कायम झालं. लंडनच्या त्या शर्यतीत इटलीचा डोरांडो पिएत्री मैदानात सगळ्यांच्या आधी शिरला आणि पुन्हा पुन्हा पडला. शेवटी पंचांनीच हाताला धरून त्याला रेषेपलीकडे नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला. दुसऱ्या दिवशी राणीनं त्याला चांदीचा चषक दिला. टेबलावर नव्यानं येणाऱ्या मुलींना मी हीच गोष्ट सांगते. पळणाऱ्याला पाणी द्यायचं, नावानं हाक मारायची, सोबत ओरडायचं, पण ओढायचं नाही. पडला तर मात्र नियम विसरून आधी माणूस बघायचा, वैद्यकीय पथकाला हाक मारायची.

आपल्याकडची गोष्टही साध्या माणसांपासूनच सुरू होते. १९१९ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे खेळाडू पाठवायची व्यवस्था केली. त्यांच्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे १९८३ मध्ये पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली, २००४ मध्ये मुंबईची, आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत हे लोण पोचलं. आमच्याकडे मोठं अंतर म्हणजे एकवीस किलोमीटर, म्हणजे खरी तर अर्धी मॅरेथॉन. बोलताना सगळे मॅरेथॉनच म्हणतात. म्हणू द्या.

आता माझं. पन्नाशीच्या आसपास मी पळायला लागले. मेहरूण तलावाच्या काठानं आधी चालत, मग एक चक्कर पळत, मग दोन. खान्देशात उन्हाळ्यात पळायचं तर पहाटे पाचलाच निघावं लागतं, साडेसातला ऊन अंगावर येतं. वर्षभर सराव करून मी खान्देशाबाहेरच्या एका शहरात एकवीस किलोमीटरला उतरले. पंधराव्या किलोमीटरला टेबल होतं, त्यावर रिकामे जार होते. पुढच्या टेबलावर तर माणूसही नव्हता. आमच्यासारखे हळू पळणारे अजून मागे शेकड्यांनी होते आणि पाणी पुढच्यांनीच संपवलं होतं. सतराव्याला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी एका घराच्या पायरीवर बसले. आतून एक बाई आल्या, कळशी आणि पेला घेऊन. काही विचारलं नाही. दोन पेले पाणी दिलं, मग आत जाऊन मिठाची चिमूट घातलेलं लिंबूपाणी आणलं. मी ती शर्यत चालत पूर्ण केली. घरी येताना गाडीत मला आर्वीचे रांजण आठवत होते. पुढच्या वर्षी मी इथल्या आयोजकांना म्हटलं, मला पळायला नको, टेबल द्या.

टेबल म्हणजे साधं काम नाही, हे आता अनुभवानं सांगते. पेला निम्माच भरायचा, भरलेला पेला पळत्या हातात सांडतो. काठाला वरून दोन बोटांत धरायचा, हात लांब करायचा आणि पळणाऱ्यानं पकडला की आपला हातही त्याच्यासोबत थोडा पुढे न्यायचा. एकाच टेबलावर सगळे झुंबड करतात, म्हणून पाण्याची दोन टेबलं पन्नास पावलांवर लावायची आणि दुसऱ्याकडे बोट दाखवत राहायचं. क्षारांचं पाणी वेगळं, आणि ते ओरडून सांगायचं. मिठाचं कोडं इथेच सुटलं. घामातून मीठ जातं, वरून माणूस नुसतं पाणी ढोसत राहिला तर रक्तातलं सोडियम उतरतं. चक्कर, उलटी, भ्रम, क्वचित त्याहून वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. आजीची ती जास्तीची चिमूट मी आजही लिंबाच्या फोडींवर टाकते.

केळी आमच्या घरचीच असतात. माझ्या नणंदेचं शेत रावेरकडे आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा तिला फार अभिमान. ती आदल्या रात्री दोन क्रेट घेऊन मुक्कामाला येते. केळं सालीसकट मधून अर्धं कापायचं, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाही. सालींना वेगळा ड्रम, तोही वळणाच्या अलीकडे, नाहीतर मागचा घसरतो.

शहराला उपयोग काय, याचं उत्तरही मला त्या वळणावरच मिळालं. पहिल्या वर्षी तिथे एक भाजीवाल्या मावशी संतापून उभ्या होत्या. रस्ता बंद, हातगाडी आत येईना, रविवारची सकाळ म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी विक्री. त्यांचं चुकलेलं काहीच नव्हतं. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. वर्तमानपत्रात आलं होतं, पण त्या वर्तमानपत्र वाचत नाहीत. माझं ठाम मत आहे की मार्गावरच्या प्रत्येक दुकानात, प्रत्येक गाडीवर आठ दिवस आधी माणसानं जाऊन बोललं पाहिजे. रस्ता त्यांचा आहे, आपण सकाळपुरता मागून घेतोय. पुढच्या वर्षी मी स्वतः गेले. मावशींनी विचारलं, "लिंबं किती लागतात?" त्या वर्षीपासून लिंबं त्यांच्याकडची, पैसे देऊन, आणि कापायलाही त्याच. टेबल त्यांच्या जागेवर लागतं.

न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० मध्ये सुरू झाली तेव्हा एका बागेतच चकरा मारायचे. १२७ सुटले, ५५ पोचले, आणि बाकी शहराला त्याचा पत्ता नव्हता. १९७६ मध्ये मार्ग शहराच्या पाचही भागांतून काढला, तेव्हा ती शहराची झाली. गल्लीगल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडेही ज्या वर्षी मार्ग नव्या वस्त्यांतून गेला त्या वर्षी माझ्या टेबलाला सहा नवे हात मिळाले. त्यातली दोन कॉलेजची पोरं होती, एक एसटीतून निवृत्त झालेले काका, आणि तिघी जणी ज्या वर्षानुवर्षं एकमेकींच्या समोरच्या इमारतीत राहून कधी बोलल्या नव्हत्या.

आणि बायका. १९६६ मध्ये बोस्टनला बॉबी गिब नावाच्या तरुणीनं अर्ज केला, तेव्हा बायकांना एवढं अंतर झेपत नाही असं तिला कळवलं. ती सुरुवातीच्या रेषेजवळच्या झुडपात लपली आणि शर्यत सुटल्यावर गर्दीत मिसळली. आजूबाजूच्या पुरुषांच्या ते लक्षात आलं, तेव्हा तेच म्हणाले, आम्ही कुणाला तुला बाहेर काढू देणार नाही. माझ्या वळणावरून तीन किलोमीटरच्या बायका जात नाहीत, त्यांचा मार्ग छोटा. पण शर्यत संपल्यावर त्यांच्यातल्या काही जणी गळ्यात पदक घालून मुद्दाम टेबलापाशी येतात. साडी खोचून पळालेल्या, पायात मुलीचे बूट. एकदा एक जण म्हणाली, लग्नानंतर चौदा वर्षांत आज पहिल्यांदा रस्त्यावर पळाले, आणि कुणी पाहिलं तरी काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी ती मोठ्या अंतराला उतरली. मी तिला ओळखून पेला पुढे केला, ती न थांबता हसून गेली.

मला एवढंच वाटतं की आपल्या खान्देशाला ही गोष्ट नवीन नाही. चैत्रात रस्ता कुणाचा, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चालणारा चालतो, दारातला पाणी देतो, आणि जत्रा दोघांची होते. मॅरेथॉनच्या निमित्तानं तेच शहराच्या डांबरी रस्त्यावर एका सकाळपुरतं घडतं. पळणारे म्हणतात मी त्यांची सेवा करते. मला तर ती माझी वारी वाटते.

आमच्या टेबलाचा एक नियम आहे: शेवटचा माणूस वळून जाईपर्यंत पाणी उचलायचं नाही, मागची गाडी कितीही हॉर्न देवो. तेवढं मान्य असेल तर यंदा तुम्हीही या. पहाटे सव्वाचारला, लिंबांच्या गाडीपाशी. शाल आणा, जार भरताना हात फार गारठतात.