ड्रेसाज नक्की कशासाठी, आणि पहिली टेस्ट कधी द्यायची

मुंबईत महालक्ष्मीला रायडिंग शिकणारी बरीच मुलं जंपिंगच्या मागे असतात, ड्रेसाज (घोड्याला हलक्या इशाऱ्यांवर हवं तसं चालवण्याचं ट्रेनिंग आणि त्याची स्पर्धा) म्हटलं की "ते घोडा नाचवायचं ना" म्हणतात आणि मला खरंच वाईट वाटतं. घोड्याचा भार मुळातच पुढच्या पायांवर जास्त असतो, त्यात आपण पाठीवर बसलो की तो आणखी पुढे जातो. तेच वजन पाठ मोकळी ठेवून, मागचे पाय पोटाखाली आणून पेलायला तो शिकला तर त्याची पाठ, सांधे टिकतात आणि म्हातारपणापर्यंत आनंदाने काम करतो. ड्रेसाज यासाठी आहे! जंपिंगवाल्यांनाही तेच लागतं, उडीआधी कँटरची (मध्यम दौडीची) पावलं लांब-आखूड करता येणं म्हणजे दुसरं काय.

जर्मन पद्धतीत ट्रेनिंगचे सहा टप्पे आहेत, आधी लय, मग अंग सैल होणं, लगामावर हलका काँटॅक्ट (हात आणि घोड्याचं तोंड यांचा संपर्क), मागून येणारा जोर, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी कलेक्शन, म्हणजे मागच्या पायांवर भार घेऊन आवरून चालणं. आपल्याकडे शिकायला बरेचदा रेसमधून रिटायर झालेला घोडा मिळतो, त्याला फक्त पुढे पळायचं माहीत, लगाम घट्ट धरला तर तो उलट त्यावरच रेलतो. अशा घोड्याची मान ओढून खाली आणणाऱ्यांचा मला राग येतो, दिसायला गोल दिसतं पण पाठ दगडासारखी असते. २० मीटरच्या सर्कलवर शांतपणे ट्रॉट (दुडकी चाल), वॉक, परत ट्रॉट करत राहा, एक दिवस तो आपणहून मान लांब करतो आणि नाकातून फुर्र करतो. तिथून खरं शिकणं सुरू.

२०२३ ला हांगझोऊ एशियन गेम्समध्ये आपल्या टीमने ड्रेसाजचं गोल्ड आणलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा पण होता, अनुष अगरवालाने वैयक्तिक ब्राँझही घेतलं. तेव्हापासून टेस्ट (जजसमोर ठरलेल्या हालचाली क्रमाने करून दाखवणं) कधी द्यायची असं विचारणारे वाढलेत. माझं म्हणणं, घरी जे सहज जमतं त्याच्या एक लेव्हल खालची टेस्ट द्या. सुरुवातीच्या टेस्ट बहुतेक २० बाय ४० मीटरच्या अरीनात असतात, कडेच्या ए अक्षरावरून आत, थांबून सॅल्यूट, मग वॉक, ट्रॉट, सर्कल. प्रत्येक मूव्हमेंटला ० ते १० मार्क, आणि ६ म्हणजे समाधानकारक, त्यामुळे साठ टक्के आले तर तोंड पाडू नका. रस्ता चुकलात तर बेल वाजते, जज सांगतात तिथून पुन्हा सुरू करायचं. खालच्या लेव्हलला बहुतेक ठिकाणी टेस्ट वाचून दाखवणारा माणूसही चालतो, आधी विचारून घ्या.

आणि रिझल्ट लागला की टक्के बघून निघू नका, शीट मागून घ्या, जजने प्रत्येक मार्कापुढे काय लिहिलंय ते कोचबरोबर बसून वाचा, "घाईत", "वाकडा हॉल्ट" (थांबताना घोडा वाकडा) असं जे असेल तेच पुढच्या महिन्याचं काम.