हार्ड डिस्कचा बोर्ड आणि आठ पायांची चिप

गेल्या महिन्यात आमच्या घरातील एक टेराबाइटची बाह्य हार्ड डिस्क बंद पडली. तिला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि मी घाईत लॅपटॉपचा १९ व्होल्टचा जोडला. दोन्हींची गोल पिन एकाच मापाची असल्यामुळे ती सहज आत गेली, क्षणभर जळका वास आला आणि डिस्क गप्प झाली. वडिलांच्या षष्ट्यब्दीचे चित्रीकरण तेवढ्या एकाच डिस्कवर होते, आणि वडील आता नाहीत.

डिस्क डब्यातून काढून डेस्कटॉपला जोडली, तर संगणकच सुरू होईना. याचा अर्थ डिस्कच्या सर्किट बोर्डावर कुठेतरी शॉर्ट होता. चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स स्क्रू काढून हिरवा बोर्ड उलटा केला आणि वीजजोडणीजवळचे दोन टीव्हीएस डायोड मल्टिमीटरने तपासले. एक ५ व्होल्टच्या वाटेवर असतो, दुसरा १२ व्होल्टच्या. विजेचा दाब वाढला की हे डायोड स्वतः शॉर्ट होतात आणि पुढील भाग वाचवतात. १२ व्होल्टचा डायोड जवळजवळ शून्य ओहम दाखवत होता. बरेचदा तेवढा एक काढला की डिस्क चालू होते, फक्त त्यानंतर तिला संरक्षण उरत नाही. मी तो काढला. संगणक सुरू झाला, पण डिस्क फिरली नाही. भिंगातून पाहिले तेव्हा मोटर चालवणाऱ्या चिपच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसले. आता बोर्ड बदलण्यावाचून मार्ग नव्हता.

पुण्यातील तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, दोन दिवस फिरून त्याच बोर्डाची एक बाद डिस्क मिळाली. इथे डिस्कच्या लेबलावरील मॉडेलपेक्षा बोर्डावर छापलेला क्रमांक महत्त्वाचा असतो, कारण एकाच मॉडेलमध्येही निरनिराळे बोर्ड आढळतात. क्रमांक शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला, आणि तरीही नुसता बोर्ड बदलून काम होणार नव्हते. फार जुन्या डिस्कमध्ये ते होत असे. आताच्या डिस्कमध्ये मात्र प्रत्येक डिस्कच्या हेडचे, म्हणजे तबकडीवरील डेटा वाचणाऱ्या टोकांचे, कारखान्यात मोजलेले खास समायोजन बोर्डावरील आठ पायांच्या एका रॉम चिपमध्ये साठवलेले असते. दुसऱ्या डिस्कची रॉम घेऊन सुरू केल्यास बहुधा हेड नुसते टकटक करत राहतात आणि डेटा काही हाती लागत नाही. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसते, मुख्य चिपमध्येच सामावलेली असते. तिथे हे काम घरचे राहत नाही. सुदैवाने माझ्या बोर्डावर ती वेगळी होती.

ओळखीच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या मुलाने हॉट एअर गनने दोन्ही बोर्डांवरील रॉम चिपा काढल्या आणि माझी मूळ चिप मिळालेल्या बोर्डावर बसवली. आधी त्याने चिपेच्या कोपऱ्यातील बारीक ठिपक्याचा फोटो काढून ठेवला, कारण तो ठिपका पहिला पाय दाखवतो आणि चिप उलटी बसली तर सगळेच संपते. काम करता करता तो म्हणाला, “काका, जुना बोर्ड टाकून दिला नाहीत, हे फार बरं केलंत.” त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, जळालेल्या बोर्डावरील तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी ती चिप हरवली असती, तर कोणताही नवा बोर्ड कामाचा नव्हता.

बोर्ड बसवण्यापूर्वी डिस्कच्या हेडला जोडणारे काळवंडलेले संपर्कबिंदू मी साध्या खोडरबराने हलकेच पुसले. वीज दिली आणि मोटरचा चढत जाणारा तो ओळखीचा आवाज आला. अशा वेळी फोल्डर उघडून पाहण्याचा मोह फार होतो, पण उसन्या बोर्डावर चालणाऱ्या डिस्कचा भरवसा धरता येत नाही, म्हणून आधी डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने संपूर्ण डिस्कची प्रत नव्या डिस्कवर घेतली. त्याला तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि एकही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा, वाचायचा राहिला नाही.

त्या रात्री नव्या डिस्कवरून चित्रीकरण लावले. आई ओवाळायला पुढे येते तेव्हा वडील खांद्यावरून घसरणारे उपरणे सावरतात, एवढा भाग आम्ही तीनदा पाहिला.